रविवारचा गुंता

रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं असेल तर आधी माझ्या केसांची वेळ घ्यावी लागते. नवरा मित्राला फोनवर सांगतो, "या रविवारी नको रे, हिचे केस आहेत."

"म्हणजे? ऑपरेशन वगैरे आहे का?"

"नाही रे. धुवायचे आहेत."

"मग संध्याकाळी येतो."

"संध्याकाळी वाळत असतात."

सरळ केसांची माणसं केस धुतात म्हणजे बाथरूममध्ये जातात, बाहेर येतात, टॉवेलने दोन झटके देतात आणि चहा मागतात. आमच्या घरात बहुमत याच लोकांचं आहे. सासूबाईंची वेणी सरळ, नवऱ्याचे केस सरळ आणि मोजके, आणि सासऱ्यांनी तर हा विषय चाळिशीतच निकालात काढलेला. लेक माझ्यावर गेली आहे, पण केस धुवायचेच नाहीत असं तिचं ठाम मत असल्यामुळे मतदानात तिचा उपयोग शून्य. कुरळ्या केसांचं न्हाणं हा काय प्रकार आहे, हे त्यामुळे घरात कुणालाच नीट कळलेलं नाही. ते शनिवारी रात्री तेलाच्या वाटीपाशी सुरू होतं आणि सोमवारी सकाळी डोंबिवलीच्या लोकलमध्ये कुठेतरी संपतं.

कुणी म्हणेल, रविवारच कशाला? आठवड्याला सात वार आहेत. आहेत ना, पण ते सासूबाईंकडून मंजूर होऊन यावे लागतात. सोमवार महादेवाचा, नको. मंगळवारी नको, का ते विचारायचं नाही. गुरुवारी न्हायलं तर घरातली लक्ष्मी जाते. शनिवारी न्हायलं तर शनी येतो. शुक्रवार चालतो, पण शुक्रवारी मला ऑफिस असतं, आणि ओल्या डोक्याने मी ऑफिसात गेले तर एसीमुळे लक्ष्मीच्या आधी मीच जाईन. आणि बुधवारी नको, कारण मला भाऊ आहे. बहिणीने बुधवारी न्हायलं की भावाला त्रास होतो. माझा भाऊ टोरांटोला असतो. त्याला होणारा त्रास भारतीय वेळेप्रमाणे धरायचा की टोरांटोच्या, असं मी एकदा विचारलं.

"असली थट्टा करू नये गं," सासूबाई म्हणाल्या. आणि रात्री मला म्हणाल्या, "लाव बघू त्याला फोन. बरा आहे ना विचार."

माझ्या मावसजावेच्या सासूबाईंना मात्र नेमका बुधवारच लागतो. या दोघींची गाठ पडू नये याची आम्ही दोघी सुना लग्नकार्यात फार काळजी घेतो.

वार ठरला की खरा प्रश्न येतो. गुंता सोडवायचा कधी? न्हाण्याआधी, कोरड्या केसांत? न्हाताना? की न्हाऊन आल्यावर? यावरून आमच्या घरात तीन पक्ष आहेत आणि तिघांचं कधीही आघाडी सरकार होत नाही.

कोरडा पक्ष माझ्या आईचा. लहानपणी ती मला ओसरीच्या पायरीवर बसवायची, दोन गुडघ्यांत माझं डोकं पक्कं धरायची, वाटीभर खोबरेल ओतायची आणि फणी कपाळाशी लावून थेट टोकापर्यंत ओढायची. वाटेत जे काही येईल त्याची दखल घ्यायची नाही, असं तिचं धोरण होतं. गाठ आली तर गाठ जायची, नाहीतर फणीचा दात जायचा, नाहीतर माझा आवाज जायचा. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "कशाला मारताय हो पोरीला?"

"मारत नाहीये, विंचरतेय."

"मग ठीक आहे," असं म्हणून काकू आत जायच्या. विंचरण्यात पोरीचं काय व्हायचं ते होवो, त्यात शेजाऱ्यांनी पडू नये असा तेव्हा समाजाचा दंडक होता.

तेलाच्या बाबतीत मात्र आईची बाजू पुढे वर आली. 2003 साली रेळे आणि मोहिले या मुंबईतल्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची केसांवर तुलना करून पाहिली. न्हाण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी होतं ते एकट्या खोबरेलानेच, असा निकाल निघाला. संशोधन मॅरिको कंपनीत झालं होतं आणि मॅरिको खोबरेलच विकते, तेव्हा निकाल ऐकून कंपनीत कुणाला झीट आली नसणार. पण प्रबंध रीतसर छापून आला. मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं काय करत होते?"

तिच्या फणीबद्दलचा प्रबंध मात्र मी तिला दाखवलेला नाही. हार्वर्डमधले एल. महादेवन आणि त्यांचे सहकारी यांनी 2022 साली एकमेकांत पिळलेले दोन धागे घेऊन विंचरण्याचं गणित मांडलं. पीळ सोडवायचा तर मोकळ्या टोकापाशी सुरुवात करा, छोटे छोटे हात मारा आणि हळूहळू वर सरका, असं त्यातून निघालं. मुळाशी फणी लावून खाली ओढलं की प्रत्येक गाठ पुढच्या गाठीवर जाऊन बसते आणि टोकाशी सगळ्यांची सर्वपक्षीय बैठक भरते. ती बैठक माझ्या डोक्यावर दर रविवारी भरत असे आणि आई ती फणीच्या बळावर उधळून लावत असे.

ओला पक्ष माझा. याला शास्त्राचा पाठिंबा आहे, फक्त घरच्यांचा नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी सांगते, की सरळ केसवाल्यांनी धुतल्यावर केस जरा वाळू द्यावेत आणि मग विंचरावेत, पण घट्ट कुरळे असतील तर ते ओले असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावेत. पाणी लागलं की केसातले हायड्रोजनचे बंध सुटतात, केस मऊ पडतो आणि ताणला जातो. अति ताणला तर मात्र परत आकसत नाही, तुटतो. म्हणून पाण्याबरोबर कंडिशनर. केसावर ऋण भार असतो, कंडिशनरमध्ये धन भाराचे रेणू असतात, ते केसाला जाऊन चिकटतात आणि केस एकमेकांवरून घसरायला लागतात. हे मी सासूबाईंना समजावलं.

"म्हणजे ओल्यात विंचरायचं?"

"हो."

"आमच्या आईने सांगितलंय, ओले केस विंचरले की गळतात."

"तुमचे सरळ आहेत ना आई."

"आईचेही सरळच होते," सासूबाई म्हणाल्या, आणि एवढ्यावरच चर्चा संपली, कारण आईविरुद्ध पुरावा देता येत नाही.

त्यात मी एकदा लोरेन मॅसी या बाईंचं 2001 सालचं कुरळ्या केसांवरचं पुस्तक वाचलं. बाई म्हणतात, शाम्पू सोडा, ब्रश सोडा, कंडिशनरनेच केस धुवा आणि गुंता बोटांनी सोडवा. मी जेवणाच्या टेबलावर हे जाहीर केलं. सासूबाईंनी भाकरी थापता थापता मान वर केली आणि म्हणाल्या, "शाम्पूशिवाय कंडिशनर? तुपाने भांडी घासण्यातला प्रकार झाला." यावर मॅसीबाई काय म्हणाल्या असत्या मला माहीत नाही. मी गप्प भाकरी खाल्ली.

तिसरा पक्ष सासऱ्यांचा. टक्कल असलेल्या माणसाचा केसांचा अभ्यास फार खोल असतो, कारण त्याला प्रयोगाची भीती नसते. "न्हाऊन आल्यावर गच्चीवर उन्हात बसायचं आणि मग सावकाश विंचरायचं," ते सांगतात. "माझ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत होते."

"कुरळे होते का बाबा?"

"सरळ होते. पण मुद्दा तो नाही."

मुद्दा कधीच तो नसतो.

माझा नवरा इंजिनिअर असल्यामुळे कुठल्याही पक्षात नाही, तो निरीक्षक आहे. एका रविवारी मी आतून कण्हत असताना त्याने बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून मला एक शोधनिबंध वाचून दाखवला. मासों नावाच्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 2007 साली केशकर्तनकारांना लोकांच्या डोक्यातल्या गाठी मोजायला लावल्या होत्या. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान, म्हणजे दिवसभरात गुंता व्हायला पुरेसा वेळ मिळालेला असताना. सरळ केसांत सरासरी पाचाहून जास्त गाठी सापडल्या. कुरळ्यांत तीनही नाहीत.

"ऐकतेयस ना? कुरळ्या केसांत गुंता कमी होतो."

"त्याला म्हणावं, रविवारी सकाळी ये."

"त्याने गणितही दिलंय. कुरळे केस एकमेकांना जास्त वेळा भेटतात, पण सरळ केस भेटतात तेव्हा जास्त मोठ्या कोनात भेटतात, म्हणून—"

"कंगवा दे."

दुसऱ्याच वर्षी डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांना भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. त्यांनी खोक्यात दोरी टाकून खोका गरगर फिरवला आणि दाखवून दिलं, की हलत्या दोरीला काही सेकंदांत आपोआप गाठी पडतात, त्या पडणारच. या दोघांबद्दल मला आदर आहे. त्यांनी निदान 'तू नीट काळजी घेत नाहीस' असं म्हटलं नाही.

आता प्रत्यक्ष न्हाण्याकडे येऊ. या विद्येतली खरी घराणी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांची. त्यांच्या केसांच्या स्प्रिंगा इतक्या बारीक आणि घट्ट असतात, की माझे केस त्यांच्यापुढे बालवाडीत बसतील. न्हाण्याला अख्खा दिवस द्यायचा, डोक्याचे भाग पाडून एकेक भाग वेगळा सोडवायचा, आधी बोटं, मग रुंद दातांचा कंगवा, नेहमी टोकाकडून वर, हे सगळं त्यांच्या स्वयंपाकघरांत आईकडून मुलीकडे आलेलं ज्ञान. आम्ही ते डोंबिवलीतल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये राबवतो. ओप्रा विन्फ्रेच्या केशभूषाकाराने, आंद्रे वॉकरने, तर केसांचे नंबरही ठरवून दिलेत. सरळ ते एक, लाटांचे ते दोन, कुरळे तीन आणि घट्ट गुंडाळीचे चार, शिवाय त्यात पुन्हा अ, ब, क.

"मी तीन ब," मी घरात सांगितलं.

"आणि एक नंबर कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"सरळ केसांचा."

"बघ."

कृती अशी. रात्री लावलेल्या तेलावर आधी बोटांनी मोठे गुंते मोकळे करायचे. मग केस भिजवायचे, डोक्याच्या कातडीला शाम्पू, धुऊन टाकायचा, आणि मग तळव्यावर कंडिशनर घ्यायचा. किती? बाटलीवर लिहिलेलं असतं, नाण्याएवढा. ते नाणं सरळ केसांच्या देशात चालतं. आम्हाला वाटी लागते. मग भांग पाडून डोक्याचे चार, आणि गुंता फारच असेल तर आठ भाग करायचे आणि प्रत्येकाला चिमटा लावायचा. चिमटे कमी पडले म्हणून मी कपडे वाळत घालायचेही लावले आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही, फक्त लेक मला पाहून "आई, तू दोरीवर चाललीस का?" असं म्हणाली तेव्हा जरा वाटलं.

सगळ्यात वाईट जागा मानेच्या वर, कानाच्या मागे. तिथे दिवसभर मंगळसूत्र घासतं, कुडत्याची कॉलर घासते, रात्री उशी घासते. तिथली गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते. डाव्या हाताच्या चिमटीत गाठीच्या वरची बट घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. मग कंगव्याचा फक्त शेवटचा दात गाठीच्या खालच्या कडेत घालायचा आणि केस एकेक करून बाहेर काढायचे. पहिले दोन-तीन निमूट येतात. मग एक असा लागतो, की त्याने स्वतःच्याच भोवती फेरा घालून स्वतःलाच गाठ मारलेली असते. हा कुणाचंच ऐकत नाही. वाट पाहायची, आणखी कंडिशनर, पुन्हा चिमटी. टक्. सुटला, किंवा तुटला. आवाजावरून कळतं कुठलं ते.

आणि नेमकं याच वेळी दारावर थाप पडते.

"अजून किती वेळ?" सासरे.

"बाबा, डावा मागचा भाग राहिलाय."

"म्हणजे किती मिनिटं?"

याचं उत्तर कुणालाही देता आलेलं नाही. रविवारी आमच्या सोसायटीत पाणी सकाळी दोनच तास असतं. एकदा सगळ्या डोक्यावर कंडिशनर, चिमटे ताठ, डावा मागचा भाग हातात, आणि नळाने एक दीर्घ उसासा टाकला. टाकीतलं टँकरचं पाणी होतं, पण ते इतकं जड, की त्यातल्या कॅल्शियमने बादलीलाही पांढरी कड येते. त्या पाण्याने केस धुतले तर पुढचा गुंता तिथल्या तिथे तयार होतो. मी आतून ओरडले. बाहेर बैठक झाली. सासऱ्यांनी सुचवलं, टॉवेलने पुसून टाक. नवऱ्याने किती लिटर लागतील याचा अंदाज बांधायला घेतला. शेवटी सासूबाईंनी फिल्टरचं, स्वयंपाकासाठी भरून ठेवलेलं पाणी दोन कळशा भरून आत सरकवलं आणि म्हणाल्या, "घे. वरण उद्या करू."

केस इतके मऊ झाले म्हणता, की सोमवारी ऑफिसात तीन जणींनी विचारलं, कुठला कंडिशनर? आता रविवारी मी बाथरूमकडे निघाले की सासरे हळूच फिल्टरसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात.

न्हाऊन झाल्यावर जाळीतला ऐवज उचलायचा असतो. माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात, आणि हे सगळ्यांचंच होतं. सरळ केसवाल्यांचे ते दिवसभर कुठे कुठे सांडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. कुरळ्यांचे आतल्या आत अडकून बसतात आणि आठवड्याचे एकदम बाहेर येतात. त्यामुळे दर रविवारी हातात जी गुंतवळ येते ती पाहून सासूबाईंचा चेहरा पडतो. "थायरॉईड तपासून घे गं." तीन वेळा तपासून झालंय, थायरॉईड उत्तम आहे. त्यांच्या गावाकडे गुंतवळ जपून ठेवत आणि तिच्या बदल्यात फेरीवाली पोरांना फुगे किंवा बायकांना छोटी भांडी देत असे. माझी एका रविवारची गुंतवळ पाहून त्या एकदा म्हणाल्या, "यात स्टीलचं पातेलं आलं असतं." हे माझ्या केसांना त्यांच्याकडून मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्र.

एकदा तापाने मी दहाएक दिवस अंथरुणाला खिळले आणि केसांकडे बघितलंच नाही. उठले तेव्हा मानेवर लिंबाएवढा गोळा झाला होता. कामाला येणाऱ्या मावशींनी तो पाहिला आणि हात जोडले. "जट आलीय ताई. देवीचं आहे. कात्री लावू नका." देवीच्या जटेपोटी आपल्याकडे किती बायका आयुष्यभर डोक्यावर ओझं वाहतात, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन, सगळ्या घराची समजूत काढून ती कशी कापून देतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मावशींना समोरच बसवलं, गोळ्यावर तेल ओतलं, मग कंडिशनर, आणि शिवणाच्या जाड सुईने टोकाकडून उकलायला घेतलं. चहाचे दोन कप आणि टीव्हीवरची एक अख्खी मालिका खर्ची पडली. गोळा सुटला. मावशी म्हणाल्या, "देवी सौम्य होती."

साधनांचं सांगायचं तर आमच्याकडे एक खण भरून कंगवे आहेत. कडुनिंबाच्या लाकडाचा, शिसवी, शिंगाचा म्हणून घेतलेला प्लॅस्टिकचा, आणि तो प्रसिद्ध बिनदांड्याचा गुंता सोडवायचा ब्रश. त्याचा जनक शॉन पुल्फ्री 2007 साली बीबीसीच्या 'ड्रॅगन्स डेन'मध्ये तो घेऊन गेला होता, तेव्हा पाचही धनिकांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. पुढे ब्रश जगभर खपला. आमच्या घरात त्याच्यावर सर्वात खूश आहेत ते सासरे. ते त्याने पाठ खाजवतात.

जवसाच्या जेलचीही तीच गत. जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत जेल मिळतो, तो ओल्या केसांना चोळला की बटा बटांना धरून राहतात आणि परत गुंता कमी होतो. मी एका शनिवारी तो करून, झाकून फ्रिजमध्ये ठेवला. रविवारी पातेली रिकामी.

"ती पेज होती ना?" सासरे म्हणाले. "जरा अळणी होती, पण पोट काय साफ झालं! पुढच्या शनिवारी थोडी जास्त कर. मीठ घाल."

तेव्हापासून मी दोन पातेल्या करते. एकीवर चिठ्ठी असते: डोक्यासाठी. दुसरीवर: बाबांसाठी.

धुऊन, सोडवून, जेल लावून झालं की डोकं नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टात गुंडाळायचं, कारण टॉवेलचे फासे केस ओढतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. त्या टी-शर्टावर कुठल्याशा मॅरेथॉनचं नाव आहे आणि बाह्यांची गाठ नेमकी माझ्या कपाळावर येते. या अवस्थेत हमखास बेल वाजते. सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती घेऊन आलेले असतात.

"ताई, बरं नाही का?"

"बरं आहे. केस धुतलेत."

"अच्छा अच्छा," असं म्हणून ते दोन पावलं मागे सरतात आणि पावती नवऱ्याच्या हातात देतात. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंचा फोन येतो: "काय गं, डोक्याला लागलं म्हणे?"

आणि वाळत असताना हात लावायचा नाही. हा नियम कुरळ्या केसांच्या जगात सर्वमान्य आहे आणि आमच्या नातेवाइकांत कुणालाही मान्य नाही. आत्या आल्या की आधी पाचही बोटं केसांत घालतात. "खरे आहेत का गं? किती छान! जरा विंचर ना." पार्लरमध्ये तर नुसत्या भुवया करायला गेलं तरी ऐकावं लागतं.

"मॅडम, स्मूदनिंग करून घ्या. ऑफर आहे."

"मला कुरळेच आवडतात."

"हो, पण लोकांना?"

लग्नाआधी स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी माझे केस पाण्याने दाबून, वर जिलेटिन लावून, चक्क चपटे केले होते. कॅलिफोर्नियाने 2019 साली कायदाच करून टाकला, की नैसर्गिक केसांवरून नोकरीत किंवा शाळेत कुणाशी भेदभाव करायचा नाही. आमच्याकडे मधल्या काळात नवऱ्याने चपटा फोटो पसंत केला आणि पहिल्या पावसात खरं काय ते त्याला कळलं. तो अजून काही बोललेला नाही. निरीक्षक आहे.

एवढं सगळं करून सोमवारी सकाळी बटा सुटसुटीत, चमकदार, कुठेही गाठ नाही. आणि मग लोकल येते. लेडीज डब्यात उभं राहायला जागा मिळणं हीच मोठी गोष्ट, त्यात मागच्या बाईची पर्स माझ्या मानेशी. दिव्याला गाडीने हिसका दिला.

"अहो, तुमचे केस माझ्या चेनमध्ये अडकलेत."

"ओढू नका!"

"ओढत नाहीये, चेन लावतेय."

चेन लावल्यावर केस अर्थातच आणखी आत गेले. मग सगळा डबा कामाला लागला. एकीने डब्यातल्या भाजीवरचं तेल देऊ केलं. एक कात्री शोधायला लागली. खिडकीतली आजी म्हणाली, सोमवारी केस मोकळे ठेवूच नयेत. ठाण्यापर्यंत सात जणींची सात मतं झाली आणि त्यातल्या सहा जणींचे केस सरळ होते. सातवी, दारातली मुलगी, माझ्यासारखीच कुरळी. तिने काही विचारलं नाही. पर्समधून हँडक्रीमची छोटी ट्यूब काढली, अडकलेल्या बटेला लावली, वरच्या बाजूला चिमटी धरली आणि टोकाकडून केस बाहेर काढायला लागली. पर्सवाली बाई तोवर घोकत होती, "मला मुलुंडला उतरायचंय, मला मुलुंडला उतरायचंय." मुलुंडला ती उतरली. चेनमध्ये माझे दोनच केस गेले.

तेव्हा सेंट्रल लाइनच्या तमाम भगिनींना कळकळीची विनंती: पुढ्यात कुरळ्या केसांची बाई उभी असेल तर पर्सची चेन पूर्ण लावून ठेवा. अडकलेच केस, तर ओढू नका, कापू नका, सल्ला तर मुळीच देऊ नका. क्रीम असेल तर द्या.